ताईचा अर्धा दात

ताईचा पुढचा एक दात अर्धा आहे. ती हसली की आधी तोच दिसतो, आणि ती फार हसते. नवीन ओळखीचं कुणी विचारलं, की लहानपणी पडलात का, तर ती सांगते, "नाही, मामांनी पाडला. जीव लावून पाडला." मामा समोर असले तर ते कान धरतात आणि तिच्यापेक्षा मोठ्यांदा हसतात. या हसण्यापर्यंत यायला दोघांना बरेच दिवस लागले.

हे लिहावं की नाही, मला ठरवता येत नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पत्रं आणि परीक्षेतली उत्तरं सोडली तर आमच्यात कुणी काही लिहीत नाही. शेवटी ताईलाच विचारलं. ती म्हणाली, "लिही. पण दात अर्धाच पडला असं नीट लिही. लोक उगाच पूर्ण पाडतील."

आमचं गाव कळवण तालुक्यात, आणि मामांचं तिथून पुढे सटाण्याच्या बाजूला. मी बारावीची परीक्षा देऊन घरी आलो होतो. उन्हाळी कांदा काढून झाला होता आणि मामांच्या कांदाचाळीत भरायचं काम चाललं होतं. मोठा कांदा एकीकडे, बारीक एकीकडे, जोड आणि दबलेला बाजूला, असं निवडत आम्ही सगळे ओळीनं बसलो होतो. ताई काहीतरी गंमत सांगत होती. सांगता सांगता ती मध्येच थांबली, एका जागी बघत राहिली आणि कांद्याच्या ढिगावर आडवी झाली. हातपाय ताठले, मग झटके सुरू झाले.

तिला हा त्रास तेव्हा वर्षभर होता. घरात त्याचं नाव कुणी घेत नसे. "तिला तसं झालं," एवढंच म्हणायचे. आणि तसं झालं की काय करायचं हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ होतं. कुणीतरी कांदा बुक्कीनं फोडून तिच्या नाकाला लावला. एका आजोबांनी चप्पल काढून दुसऱ्या नाकपुडीपाशी धरली. दोघांनी हात दाबून धरले, दोघांनी पाय. मामा ओरडत होते, "जीभ गिळी टाकीन ती! दात उघडा!" आणि त्यांनी भाकरीच्या फडक्यातला जाड पितळी चमचा घेऊन तिच्या दातांत घातला. दात मिटलेले होते. मामांच्या हातात कांद्याच्या गोणी फेकायची ताकद. कट् असा आवाज आला. तेवढ्यात एका बाईनं तिच्या तोंडात तांब्यातलं पाणी ओतलं.

ताईला ठसका लागला. नीट खोकताही येईना. ओठ काळेनिळे पडले. घशातून घरघर येत होती आणि तोंडातून पाणी आणि रक्त. मग हळूहळू झटके थांबले, ती एका कुशीवर वळली आणि सगळं पाणी बाहेर आलं. ज्यानं कांदा धरला होता तो म्हणाला, "बघा, कांद्यानं उतरलं." चपलेवाले आजोबा म्हणाले, "चपलेनं."

मामांनी मात्र ढिगातून दाताचा तुकडा शोधून काढला आणि तळहातावर घेऊन बसून राहिले. भाचीला त्यांनी कधी चापटही मारलेली नव्हती.

त्या जूनमध्ये मला नाशिकच्या कॉलेजात बी.ए.ला प्रवेश मिळाला. गावात मात्र मी कॉलेजात जातो म्हणजे मला औषधपाणीही कळत असणार असं धरून चालले. कुणाचा पाय मुरगळला तरी त्याला माझ्यासमोर आणून बसवायचे. मला खरंच काही येत नव्हतं, आणि येत नाही असं सांगितलं तर तो त्यांना विनय वाटायचा. पण वसतिगृहात माझ्या खोलीतला मुलगा म्हणाला, की त्याच्या बहिणीला असंच होतं आणि ती रोज गोळी घेऊन शाळेत शिकवायला जाते. हे ऐकून मी त्याच आठवड्यात घरी गेलो. वडील म्हणाले, "मामाला बरोबर घे. मला तिथं डॉक्टरीणबाईशी बोलता येनार नाय."

तर ताई, मामा आणि मी असे एसटीनं वणी, दिंडोरी करत नाशिकला आलो. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर बाई वयानं फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी ताईला सगळं विचारलं, तपासण्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "गोळी सुरू करू. एक दिवसही चुकवायची नाही. जागरण नाही, उपाशी राहणं नाही. बाकी काम करा, शिका, लग्न करा, काय हवं ते करा." ताईनं एवढंच विचारलं, "हसलं तर चालंल ना?"

मग बाईंचं लक्ष तिच्या दाताकडे गेलं. "हा कसा तुटला?"

मामांनी खाली बघत सगळं सांगितलं. बाई रागावतील असं मला वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत, पण हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "दादा, जीभ कुणी गिळत नाही. फार तर चावली जाते, ती भरून येते. पण त्या वेळी तोंडात ओतलेलं पाणी श्वासनळीत जाऊ शकतं. तुटलेला दात आत जाऊ शकतो. दाबून धरलं तर हाड मोडतं. झटक्यानं झालं नसतं ते मदतीनं झालं असतं. दातावर निभावलं."

"पन कांद्यानं उतरतं ना," मामा हळूच म्हणाले.

"झटका बहुतेक वेळा आपोआप थांबतो. त्या वेळी कांदा जवळ असतो, म्हणून कांद्याला मान मिळतो."

मामांनी पायाशी ठेवलेली पिशवी पुढे सरकवली. घरचा कांदा त्यांनी बाईंसाठी आणला होता. बाईंना हसू आवरेना. "हा मी घरी नेते. भाजीत घालीन. नाकाला लावायचा नाही."

"मंग आम्ही करायचं काय?"

"कुशीवर वळवायचं. डोक्याखाली मऊ काही ठेवायचं. गळ्याशी घट्ट असेल ते सैल करायचं. गर्दी हटवायची. तोंडात काही म्हणजे काही नाही, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीसुद्धा नाही. घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं किंवा लागोपाठ दुसरा आला तर गाडी काढायची. नाहीतर शेजारी बसून राहायचं."

"बसायचं?" मामा म्हणाले. "निस्तं बसायचं?"

दवाखान्यातून आम्ही शालिमारला येऊन मिसळ खाल्ली. ताईनं दोनदा रस्सा मागितला. अर्ध्या दातानं पाव तोडायची तिची एक पद्धत झाली होती, मान वाकडी करून. मामांचं मिसळीत लक्ष नव्हतं. "पोर तडफडस आन् मी हात बांधीसन बसू? मी मानूस शे का दगड?" ते मला विचारत राहिले. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो आणि मामांना उलट काही सांगायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

गोळ्या लागू पडल्या. ताई शिवणकाम शिकली, तिचे झटके वर्षातून एखाददुसऱ्यावर आले. मी तिसऱ्या वर्षाला असताना तिला स्थळ आलं. मुलगा सातपूरला कारखान्यात फिटर. वडिलांनी ठरवलं होतं की लपवायचं नाही. पोहे झाल्यावर त्यांनी घसा खाकरून सगळं सांगून टाकलं. आई पदराआड डोळे मिटून बसली होती. मुलाचे आईवडील एकमेकांकडे बघू लागले. मुलानं मात्र ताईलाच विचारलं, "मग तसं झालं तर मी काय करायचं? आणि काय नाही करायचं?"

ताई म्हणाली, "तोंडात काय घालायचं नाय. बाकी सांगंन सावकाश."

ते गेल्यावर ती मला म्हणाली, "दुसरा प्रश्न विचारणारा हा पहिलाच." आठवड्यानं होकार आला.

लग्न मे महिन्यात, आमच्याच दारात मांडव घालून ठरलं. ताईनं ना दागिना मागितला, ना साडी. मला मागच्या अंगणात बोलावून म्हणाली, "मला एकच पाहिजे. मांडवात मला तसं झालं तर होऊ दे. पण चार गावचे लोक जमनार, प्रत्येकाला काहीतरी उपाय येतोय. कोनी माझ्या तोंडात काय घालायचं नाय. उरलेले दात मला हसायला लागनार हायेत."

ती हसत बोलली, पण माझं मनगट तिनं घट्ट धरलं होतं. आणि तिच्या मागे उभे कोण राहणार होते? मामा. आमच्याकडे मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या पाठीशी मामानंच उभं राहायचं असतं.

मी बरेच दिवस विचार केला. मिसळीच्या दुकानातला मामांचा प्रश्न मला तेव्हा कुठे नीट समजला. ज्या माणसाचा जीव तुटतोय त्याला 'काही करू नका' असं सांगून भागत नाही, त्याच्या हाताला काहीतरी काम द्यावं लागतं. मी भीत भीत मामांकडे गेलो. म्हटलं, "मामा, एक काम तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. तुम्ही तिला सावरायचं, खाली निजवायचं, कुशीवर वळवायचं आणि मग आडोसा करून माणसं लांब ठेवायची. कुणालाच आत सोडायचं नाही."

"कोनालाच नही?"

"कुणालाच."

मामांचा चेहरा उजळला. "हे जमी जाईन मले."

मग आमच्या ओसरीत तालीम झाली. मी पेशंट झालो आणि ताई शिकवायला उभी राहिली. मामांनी मला पहिल्यांदा वळवलं ते गोणी पलटी करतात तसं, मी थेट भिंतीला जाऊन लागलो. ताई म्हणाली, "मामा, तो कांदा नाय, अंडं हाय अंडं!" दुसऱ्यांदा त्यांनी इतकं हळू वळवलं की मला गुदगुल्या झाल्या आणि पेशंट खो खो हसू लागला. तिसऱ्यांदा जमलं. आई दारात उभी राहून बघत होती. लग्नघरात असलं काही करू नये असं ती म्हणत होती, पण घडी घातलेलं उपरणं माझ्या डोक्याखाली तिनंच सरकवलं.

लग्नाच्या दिवशी दुपारचा मुहूर्त होता. ऊन मांडवाच्या कापडातूनसुद्धा पोळत होतं. मागे आचाऱ्याकडे वांग्याच्या भाजीचा वास सुटला होता. ताई सकाळपासून पिवळी साडी नेसून गौरीहरापुढे बसली होती. मग मामा तिला हाताला धरून मांडवात घेऊन आले. अंतरपाट धरला गेला. पलीकडे मुंडावळ्या बांधलेले आमचे होणारे दाजी, अलीकडे ताई, तिच्या मागे फेटा बांधून मामा. मी बाजूलाच उभा होतो. मंगलाष्टकं सुरू झाली. दोन म्हणून झाली असतील, तेवढ्यात ताईच्या हातातला हार खाली पडला.

मी तिच्याकडे बघितलं. ती त्याच एका जागी बघत होती. मी हाक मारायच्या आत ती मागे कलली, आणि मामांनी तिला दोन्ही हातांवर झेललं. डोकं जमिनीला लागू दिलं नाही. निजवलं, कुशीवर वळवलं, अगदी अंड्यासारखं. मी उपरण्याची घडी डोक्याखाली सरकवली आणि गळ्यातल्या ठुशीचा फासा सैल केला. मामा उठले, इकडे तिकडे बघितलं आणि भटजींच्या हातातून अंतरपाटच ओढून घेतला.

"जवाईबुवा, धरा दुसरं टोक!"

आता आमच्याकडे अंतरपाट दूर झाला म्हणजे लग्न लागलं. बँडवाले मांडवाबाहेर त्या कापडावरच डोळा ठेवून असतात. कापड हललेलं दिसताच त्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली. सगळीकडून अक्षतांचा पाऊस पडला. कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. मागच्या लोकांना पुढचं काही दिसतच नव्हतं, ते सरळ उठून पंगतीकडे निघाले. भटजी माईकवर ओरडत होते, "अहो, लागलं नाही अजून! लागलं नाही!" पण बँडपुढे भटजींचं कोण ऐकणार.

आणि या सगळ्यात एका टोकाला मामा, दुसऱ्या टोकाला मुंडावळ्या सावरणारे नवरदेव, दोघांनी तो अंतरपाट ताईभोवती आडवा धरलेला. उरलेल्या बाजूला आई पदर पसरून उभी राहिली. आत मी आणि ताई. बाहेरचं मला फक्त ऐकू येत होतं.

"चमचा आना रे, जीभ जाईल!"

"मनी भाची शे ती," मामांचा आवाज. "चमचा जेवाले ठेवा."

"अहो, निदान चप्पल तरी..."

"बाबा, चप्पल पायात घाला. पाय पोळतील तुमचे."

"पानी! तोंडात पानी सोडा कोनीतरी!"

"पानी पंगतीत द्या! तठे लोक बसनात!"

मग अंतरपाटावरून एक फोडलेला कांदा उडत आला आणि माझ्या गुडघ्यापाशी पडला. मामांनी वाकून बघितलं. "कांदा कोनी फेका रे? भाजीत टाका तो!"

मी ताईच्या खांद्यावर नुसता हात ठेवून बसलो होतो. मला रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्ही एकदम आलं की काय करायचं ते माहीत नव्हतं. मी ओरडलो, "भटजी, किती वेळ झाला?"

भटजींच्या हातात मुहूर्तासाठी घड्याळ होतंच. "मुहूर्ताला आता अगदी थोडा..."

"मुहूर्त राहू द्या हो," पलीकडून नवरदेव म्हणाले, "तिला किती वेळ झाला ते सांगा."

भटजींनी घड्याळ नीट डोळ्यांपाशी नेलं. "तिसरं मिनिट लागलंय." त्यानंतर ते दर थोड्या वेळानं सांगत राहिले, मंगलाष्टकं म्हणतात त्याच सुरात. चौथं संपायच्या आत ताईचे हात सैल झाले. एक मोठा श्वास आला, मग दुसरा. ओठांवर रंग आला. ती झोपल्यासारखी शांत झाली. मामा विचारत होते, "आते काय करू? आते काय?" मी म्हटलं, "आता काही नाही, मामा. धरून ठेवा." आणि त्यांनी धरून ठेवलं. हात भरून आले तरी कापड खाली येऊ दिलं नाही.

ताईनं डोळे उघडले तेव्हा पहिली पंगत उठत होती. ती बराच वेळ वरच्या अंतरपाटाकडे बघत राहिली. मग कापऱ्या आवाजात म्हणाली, "लागलं का?"

"नाही अजून," मी म्हटलं. "पण लोक जेवले."

"लग्न लागायच्या आधी?" तिनं जीभ दातांवरून फिरवली. एक एक दात तपासला. "हायेत सगळे," ती म्हणाली, आणि तिथेच, आडव्या आडव्या, हसायला लागली.

आईनं तिला विचारलं, "सकाळी गोळी घेतली होती ना गं?"

"गौरीहराचा उपास होता ना," ताई म्हणाली. "गोळीनं मोडला असता."

आईनं कपाळाला हात लावला. देवाला गोळी चालते की नाही यावर तिथल्या तिथे दोन मतं पडणार होती, पण भटजीच म्हणाले, "औषधानं उपवास मोडत नाही. मी सांगतोय ना? द्या आधी." ताई भिंतीला टेकून नीट बसली, सगळ्यांना ओळखू लागली, आजचा वार सांगितला, मगच मी तिला गोळी आणि दूध घेऊ दिलं. तोवर नवऱ्या मुलाचे वडील पुढे आले. मला वाटलं, आता हे काय बोलतात. ते म्हणाले, "आमची बी मानसं जेवून घेतील म्हन्तो. उपाशी पोटी लय तमाशा झाला." आणि तेही पंगतीला बसले.

पुढचा मुहूर्त भटजींनी काढला. ताई खुर्चीवर बसूनच लग्नाला उभी राहिली, असं आम्ही अजून म्हणतो. पाव्हणे तृप्त होऊन ढेकर देत होते. अक्षता संपल्या होत्या, म्हणून आचाऱ्याकडचे कच्चे तांदूळ आले. बँडवाल्यांनी आधी विचारून घेतलं, "आता खरं ना?" अंतरपाट पुन्हा धरला गेला, या वेळी सरळ, आणि मामा पुन्हा तिच्या मागे, दोन्ही हात थोडे पुढे काढून.

फोटोवाला सारखं सांगत होता, "ताई, ओठ मिटून हसा, फोटो चांगला येतो." ती ऐकेना. त्या अल्बमातल्या प्रत्येक फोटोत तिचा अर्धा दात आहे.

लग्न लागल्यावर घास भरवायची वेळ झाली. दाजींनी भरवला, तिनं भरवला, आईनं भरवला. मामा जिलबीचा तुकडा घेऊन जरा लांबच उभे होते. लोक म्हणाले, "मामा, भरवा की!" ते पुढे आले. तुकडा ताईच्या तोंडापाशी नेऊन त्यांनी हात थांबवला.

"बाय," ते म्हणाले, "तोंडात घालू का?"

ताईनं त्यांच्याकडे बघितलं, आणि डॉक्टरला दाखवतात तसं मोठं तोंड उघडलं.